रस्त्यावरच्या गाडीत रेसिंग सीट: कायदा काय म्हणतो, आणि कोकणात बसवायचीच तर कशी

कोकणात गाडीची सीट ही नुसती हौस नसते. सावंतवाडीहून मुंबईला निघालेला माणूस दिवसाचा मोठा भाग त्याच गादीवर काढतो. आंबोली असो, करूळ, फोंडा, आंबा की कुंभार्ली, घाटात दर वळणाला अंग एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ढकललं जातं. बहुतेक हॅचबॅकच्या सीटा सपाट, कडेला आधार नसलेल्या. कमरेचं दुखणं घेऊन गावी पोहोचलेल्या माणसाला घट्ट धरून ठेवणारी बकेट सीट हवीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. पण गॅरेजमध्ये विचारलं की दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, ‘काही होत नाही, बिनधास्त टाका.’ दुसरा म्हणतो, ‘गाडी जप्त होईल.’ दोन्ही उत्तरांवर विसंबू नका.

माझं म्हणणं असं. सीट एकटी कधीच नसते. तिला बेल्टचं बक्कल लागलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत एअरबॅग शिवलेली असते, खाली सेन्सर असतो, आणि आरसीवर आसनांची संख्या लिहिलेली असते. सीट बदलताना यातलं काय हलतं, त्यावर काम कायदेशीर की बेकायदेशीर ते ठरतं. आपला जीव वाचणार की नाही, तेही त्यावरच ठरतं.

आधी कायदा नीट समजून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये, हा त्याचा गाभा. ‘बदल’ कशाला म्हणायचं, हेही कलमाच्या स्पष्टीकरणात आहे: गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतला बदल. रेसिंग सीटचं नाव घेऊन कलमात परवानगीही नाही आणि बंदीही नाही. म्हणून तुमचं काम त्या व्याख्येत बसतं का, हे शेवटी नोंदणी अधिकारी ठरवतो. गॅरेजवाल्याच्या शब्दाला तिथे किंमत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात (आरटीओ विरुद्ध के. जयचंद्र) निकाल दिला की उत्पादकाने ठरवलेलं मूळ स्वरूप बदलेल असा फेरफार गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. त्याचं चौथं पोटकलम मालकासाठी आहे. परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्यात सुटे भाग नंतर बसवणं, म्हणजे रेट्रोफिटिंग, स्पष्ट शब्दांत धरलेलं आहे. ‘दर बदलामागे’ हे शब्दही लक्षात ठेवा. सीट बदलली, मूळ बेल्ट काढला आणि मागची सीट उतरवून ठेवली, तर हिशेब एकाच बदलाचा राहील असं धरून चालू नका.

याशिवाय कलम १९०(२) आहे. रस्ता सुरक्षेची ठरलेली मानकं मोडणारी गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि लायसन्सही काही काळ जाऊ शकतं. बेल्ट न लावल्याबद्दल कलम १९४ब खाली एक हजार रुपये, तो वेगळाच.

शारीरिक अडचण असलेल्या व्यक्तीसाठी गाडी जुळवून घ्यायची असेल तर कलम ५२ मध्येच वेगळी वाट आहे. तिथे बदल आधी करून मंजुरी नंतर घेता येते. घरात अशी गरज असेल तर ही तरतूद आरटीओत आवर्जून विचारा. फार थोड्या लोकांना ती माहीत असते.

कुठली गाडी, ते आधी बघा

तीन प्रकारच्या गाड्यांत या भानगडीत पडूच नये असं मी स्पष्ट सांगतो.

पहिली, पिवळ्या पाटीची. टुरिस्ट परवान्याची गाडी ठरावीक मुदतीने फिटनेसला जाते, आणि आत भाडं देऊन बसलेली माणसं असतात. दुसरी, कर्जावरची गाडी, जोवर बँकेची लेखी संमती हातात नाही तोवर. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, सीटमध्ये साइड एअरबॅग असलेली गाडी. ओळखायला सोपं आहे. पाठीच्या बाहेरच्या कडेला, दाराच्या बाजूला, एअरबॅगची छोटी कापडी पट्टी किंवा प्लॅस्टिकचा शिक्का असतो. सीटच्या खाली वाकून बघितलं तर पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसतो. ती सीट काढली की एअरबॅग गेली. मग डॅशबोर्डवर लाल दिवा पेटतो आणि फिटर म्हणतो, ‘रेझिस्टर लावून दिवा घालवतो.’ दिवा जातो, एअरबॅग परत येत नाही. घाटात समोरचा ट्रक बाजूने घुसला तर बरगड्या आणि दार यांच्यामध्ये काहीच उरत नाही. असल्या गाडीत बकेट सीटचा हट्ट सोडलेला बरा.

गाडीच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या धडक-चाचण्या ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाल्या. आता लोक तारे बघून गाडी घेतात, ही चांगली गोष्ट आहे. पण ते तारे कंपनीच्या सीटसकट, कंपनीच्या बेल्टसकट मिळालेले असतात. सीट बदललेल्या गाडीची चाचणी कोणी घेतलेली नसते.

सीट निवडताना

बाजारात ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक अखंड कवचाची: पाठ मागे जात नाही, फायबर किंवा कार्बनचं एकसंध भांडं. दुसरी रिक्लायनिंग, म्हणजे पाठ मागेपुढे होणारी स्पोर्ट्स सीट. रोजच्या रस्त्यासाठी, आणि कागदपत्रांच्या दृष्टीनेही, दुसरी जात बरी. तीन टोकांच्या मूळ बेल्टबरोबर ती नांदू शकते.

लेबल वाचायला शिका. ‘एफआयए ८८५५-१९९९’ हे लेबल म्हणजे एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार-क्रीडा संघटनेची शर्यतीसाठीची मान्यता, आणि तिची मुदत उत्पादनापासून पाच वर्षं. नव्या ‘८८५५-२०२१’ची मुदत दहा वर्षं. ही मान्यता शर्यतीच्या मैदानापुरती आहे, रस्त्यासाठीची परीक्षा वेगळी. आपल्याकडे प्रवासी मोटारीच्या सीटा, त्यांचे आधार आणि हेडरेस्ट यांच्यासाठी आयएस १५५४६ हे मानक आहे. युरोपात त्याच कामाचा नियम आर-१७. जर्मनीत काही कंपन्या आपल्या स्पोर्ट्स सीटबरोबर ठरावीक मॉडेलपुरता मंजुरीचा कागद देतात. तो कागद तिथल्या कायद्याचा, आपल्या आरटीओत त्याने आपोआप काही सुटत नाही. तरीही तो सोबत असलेली सीट घ्या. ‘ही सीट तपासलेली आहे’ एवढं तरी त्यावरून दाखवता येतं.

नामांकित ब्रँडचा बिल्ला शिवलेल्या नकली सीटांपासून लांब राहा. कवच अंगठ्याने दाबलं की आत जातं, लेबलवर क्रमांक नसतो, आणि खालच्या बोल्टच्या जागी लोखंडी इन्सर्टऐवजी नुसता पत्रा असतो. जुन्या आयात गाड्यांतून निघालेली सीट घेत असाल तर कापड उचलून फ्रेम बघा. समुद्रकाठच्या गोदामात पडून राहिलेली सीट वरून नवी दिसते आणि आतून पोखरलेली असू शकते.

बेल्ट

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

आजच्या बहुतेक गाड्यांत बेल्टचं बक्कल जमिनीला नसतं, ते सीटच्या फ्रेमलाच बोल्टने बसवलेलं असतं. काही गाड्यांत त्या बक्कलातच प्रीटेन्शनर असतो, म्हणजे धडकेच्या क्षणी बेल्ट ओढून घेणारं छोटं स्फोटक यंत्र. सीट काढली की बक्कलही सुटून येतं. आता ते कुठे बसवणार? नव्या सीटच्या ब्रॅकेटवर त्यासाठी वेगळी, भक्कम जागा असायलाच हवी. धडकेत बेल्टवर येणाऱ्या ओढीचा मोठा भाग त्या एका बोल्टमधून जमिनीत जातो. सीटबेल्टचा हा बोल्ट सहसा ७/१६ इंच जाडीचा, बारीक आट्याचा असतो. त्याच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला जवळपासच्या मापाचा बोल्ट चालत नाही.

कुडाळच्या एका ओळखीच्या पोराची गाडी बघितली. सीट देखणी, लाल शिलाईची, कवच पक्कं. तो आत बसला, मूळ बेल्ट लावला. मी कमरेवरची पट्टी बघितली तर ती कमरेच्या हाडावर टेकतच नव्हती. सीटच्या उंच कडांवरून ती पुलासारखी जात होती. पट्टी आणि त्याचं पोट यांच्यामध्ये माझी चार बोटं सहज गेली. धडक झाली असती तर शरीर आधी ती चार बोटांची जागा पुढे सरकलं असतं आणि मग पट्टी थेट पोटात रुतली असती. त्या कवचाला दोन्ही बाजूंना पट्टीसाठी खाचा होत्या, पण बक्कल कवचाबाहेर खोल राहिल्यामुळे पट्टी त्यातून नेता येत नव्हती. सीट उतरवून आतल्या बाजूचं ब्रॅकेट बदललं, बक्कल वर आणि आत घेतलं, तेव्हा पट्टी कमरेच्या हाडावर नीट बसली. तुमच्या गाडीतही हे बोटांचं माप घ्या. एक बोटसुद्धा मोकळं जाता कामा नये.

आता हार्नेस. सीट घेतली की चार टोकांचा रंगीत पट्टा घ्यावासा वाटतोच. रस्त्यावरच्या गाडीत तो घेऊ नका. शर्यतीत हा पट्टा हेल्मेट, मानेचं संरक्षक उपकरण आणि रोल केज (छप्पर दबू नये म्हणून आतून लावलेला नळ्यांचा सांगाडा) यांच्या सोबतीने काम करतो. चार टोकांच्या पट्ट्याला मांड्यांमधली पट्टी नसते. धडकेत खांद्याच्या पट्ट्या कमरेची पट्टी वर ओढतात आणि शरीर खालून निसटतं. गाडी उलटली तर रोल केज नसलेलं छप्पर खाली येतं, आणि तुम्ही ताठ बांधलेले असल्यामुळे बाजूला कलंडूही शकत नाही. कायद्याच्या बाजूनेही, कारबरोबर आलेला बेल्ट आणि त्याचे आधार एआयएस-००५ आणि एआयएस-०१५ या मानकांखाली तपासलेले असतात. तो काढून शर्यतीचा पट्टा लावला की पोलिसाला आणि विमा कंपनीला बोट ठेवायला आयती जागा मिळते. आणि मागे पोरं बसणार असतील तर पुढच्या हार्नेसच्या पट्ट्या त्यांच्या पायांपाशी अडकवलेल्या असतात, याचाही विचार करा.

बसवण्याचं काम, खाऱ्या हवेत

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. पिवळ्या कनेक्टरला मल्टीमीटर लावायचा नाही, कधीच नाही.

मग सीट काढून गालिचा पूर्ण उचला. घाटावर याची गरज एखाद वेळी नसेल, कोकणात ती शंभर टक्के आहे. पावसाळ्यात ओल्या पायांनी बसायचं, चपलांना चिकटलेली तांबडी माती आत यायची, वरून खारं वारं. गालिच्याखालचा फोम जून ते सप्टेंबर वाळतच नाही. सीटचे पुढचे दोन बोल्ट जिथे बसतात त्या आडव्या पट्टीच्या मुळाशी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक आत गेलं किंवा पापुद्रे निघाले तर सीटचं काम तिथेच थांबवा. आधी पत्र्याचं काम करून घ्या. नव्या सीटचे पैसे त्यात गेले तरी चालतील.

पत्रा शाबूत असेल तर ब्रॅकेट तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं आणि मूळ चार भोकांत बसणारं घ्या. नवं भोक पाडायचं नाही, हा नियम धरला तर कायद्याचे आणि गंजाचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत. ‘सर्व गाड्यांना चालणारं’ म्हणून मिळणारं ब्रॅकेट आणायचं आणि ग्रिल-गेट करणाऱ्या वेल्डरकडून चार टाके मारून जुन्या रेल्सवर चिकटवायचं, ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. ती थांबायला हवी. गेटचा वेल्ड चांगलाच असतो, पण त्याला ऐंशी किलोचा माणूस धडकेच्या झटक्यात धरून ठेवायचा नसतो.

किती मजबूत हवं याचा अंदाज येण्यासाठी एफआयएच्या परिशिष्ट जे मधला कलम २५३ चा नियम डोळ्यासमोर ठेवा. दर सीटला किमान चार ठिकाणी आधार, बोल्ट किमान ८ मिलिमीटरचे, स्टीलचं ब्रॅकेट किमान ३ मिलिमीटर जाड, हलक्या धातूचं असेल तर ५, आणि दर आधारापाशी किमान ४० चौरस सेंटिमीटर टेकण. हा नियम शर्यतीच्या गाड्यांसाठी आहे, पण दुकानात दाखवलेलं ब्रॅकेट दीड मिलिमीटरचं निघालं तर ते परत ठेवायला एवढी माहिती पुरते.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा कोरलेला हवा. इथे किनाऱ्यावरच्या लोकांसाठी खास सूचना. होडीच्या कामाच्या सवयीने आपण गंजू नये म्हणून स्टेनलेसचा बोल्ट शोधतो. ८.८ चा बोल्ट तुटायला दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटनचा ताण लागतो आणि तो कायमचा ताणला जायला ६४०. नेहमी मिळणारा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ७०० ला तुटतो आणि ४५० लाच ताणला जातो. शिवाय खाऱ्या ओलीत स्टेनलेस आणि साधं लोखंड एकमेकांना टेकले की बोल्ट चमकत राहतो आणि भोवतालचा पत्रा खाल्ला जातो. म्हणून झिंक चढवलेला ८.८ घ्या, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा, डोक्यावर मेणाचा गंजरोधक मारा, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा तपासा.

बसवून झालं की आत बसून बघा. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर एअरबॅगच इजा करेल. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या उंचीला यायला हवा. ब्रॅकेट आणि रेल एकावर एक आल्याने सीट वर उचलली जाते, तेव्हा घाटातल्या चढाच्या वळणावर आरशाखालून रस्ता दिसतो का ते बघा. घरातली दुसरी माणसं गाडी चालवत असतील तर त्यांनाही बसवून बघा. प्रवाशाच्या बाजूची सीट बदलली असेल तर बेल्टची आठवण देणारा आवाज चालू आहे ना, तेही पाहा. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालक आणि शेजारचा या दोघांसाठी ही यंत्रणा सक्तीची आहे.

कागद

खरं तर हे सगळ्यात आधी करायचं, पण काम काय आहे ते कळल्याशिवाय अर्जात काय लिहायचं ते कळत नाही.

मूळ सीटचे, आधारांचे आणि लेबलांचे फोटो काढून ठेवा. नव्या सीटचं बिल, लेबलचा फोटो आणि ब्रॅकेटची माहिती जोडून आपल्या नोंदणी कार्यालयाला लेखी विचारा. एमएच ०६ वाल्यांनी पेणला, ०८ वाल्यांनी रत्नागिरीला, ०७ वाल्यांनी सिंधुदुर्गला. पत्रात तीन गोष्टी ठळक लिहा: आसनसंख्या तीच राहते, मूळ बेल्ट आणि एअरबॅग जागेवर राहतात, आणि मूळ बोल्टच्याच जागा वापरायच्या आहेत. पोचपावती घ्या. उत्तर ‘नाही’ आलं तर काम करू नका. परवानगी न घेता बदल आधीच झालेला असेल, तर केल्यापासून चौदा दिवसांत कळवायची तरतूद कलम ५२ मध्ये आहे. तिचा आधार घ्या, लपवू नका.

विमा कंपनीला ईमेल करा. सीट ही इलेक्ट्रिकल नसलेली ॲक्सेसरी म्हणून तिची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवता येते आणि तसा शेरा मिळतो. न कळवलेला बदल सर्व्हेअरला दिसला की स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडतो. तीच गोष्ट वॉरंटीची. सीट आणि एअरबॅगच्या वायरिंगला हात लागला की कंपनी त्या भागाची जबाबदारी घेत नाही.

मंजुरीचा कागद, शेरा आणि बिल यांच्या प्रती गाडीत ठेवा. बांदा-पत्रादेवीला किंवा गणपतीच्या गर्दीत महामार्गावर कोणी थांबवलं तर वाद न घालता कागद पुढे करता यायला हवा. सीमा ओलांडून गोव्यात गेलात तरी कायदा तोच केंद्राचा आहे.

रॅली किंवा ऑटोक्रॉससाठी गाडी तयार करत असाल तर गोष्ट वेगळी. तिथे एफएमएससीआय या भारतातल्या मोटार-क्रीडा संघटनेचे नियम, लायसन्स आणि तांत्रिक तपासणी लागते. अखंड कवच, सहा टोकांचा हार्नेस, रोल केज यांची जागा तिथेच आहे. पण रोल केज बसवलेली गाडी रोजच्या रस्त्यावर फिरवायची तर ती थेट कलम ५२ च्या कक्षेत येते. ती ट्रेलरवरून न्या.

एवढं नको असेल तर

कंबर दुखते एवढंच कारण असेल तर दोन सोपे उपाय आहेत. एक, तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटची कंपनीची सीट शोधा. आधार, बक्कल आणि कनेक्टर जुळतात की नाही हे पार्ट नंबरवरून सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. दोन, चांगल्या कुशनवाल्याकडून मूळ फ्रेमवरच फोम बदलून घ्या, कडा थोड्या उंच करा आणि कमरेपाशी भर टाका. साइड एअरबॅग असेल तर पाठीच्या बाहेरच्या शिवणीला त्याला हात लावू देऊ नका. ती शिवण ठरावीक ताणाला उसवावी अशीच शिवलेली असते. आंबोलीच्या वळणांना एवढा बदल बहुतेकांना पुरतो, आणि आरसीवरची एकही ओळ बदलत नाही.

बदललीच सीट, तर मूळ सीटा विकू नका. गाडी विकताना गिऱ्हाईक त्या मागतं, आणि पंधरा वर्षांनी आरसी नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला नेताना त्याच परत बसवणं सर्वांत सोयीचं. पडवीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर ठेवल्या तर दोन पावसाळ्यांत रेल्स जाम होतात. रेल्सना ग्रीस लावा, कापडावर जुनी चादर टाका, आणि घराच्या आतल्या कोरड्या खोलीत फळीवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायच्या नाहीत. आत ओल धरते आणि बुरशी येते.